झगा कुठे झालाय

“या भोकांतून कोळंबीसुद्धा गळून जाईल,” तातांग पुटपुटले. “आणि म्हणे पोरीला यात गुंडाळून चर्चमध्ये न्यायचं.”

“झगा आहे तो, जाळं नाही,” नानांग दोऱ्यावरची नजर न काढता म्हणाली. “पोरीला कुणी पकडून नेत नाहीये. गप विण.”

तातांग म्हणजे माझे वडील, नानांग म्हणजे आई. दोघं माझ्या दोन बाजूंना इतकी खेटून बसली होती की एकाची कुरकुर माझ्या उजव्या कानात शिरायची आणि दुसरीचं उत्तर डाव्या. हौस नव्हती कुणाला. घरात पंखा एकच, आणि मान फिरवायचं त्याने मागच्याच उन्हाळ्यात सोडून दिलेलं. त्यामुळे एप्रिल लागला की त्याच्या समोरच्या पट्ट्यात आम्ही सगळी ओळीने बसायचो, तारेवर पाखरं बसतात तशी. बाहेर ऊन असं की कुत्रीसुद्धा चर्चच्या भिंतीच्या सावलीबरोबर सरकत दिवस काढायची. वळचणीला टांगलेल्या लसणाच्या वेण्या आपोआप सोलून निघत होत्या.

खरं सांगायचं तर मला हे दिवस आवडतात. वर्षातले हेच दिवस असे, की घराबाहेर का पडली नाहीस म्हणून कुणी विचारत नाही. सकाळी अंगणात पाणी मारायचं, भात टाकायचा, आणि उन्हं चढली की खिडक्या लावून आत. मग रेडिओवरची मालिका. तिच्यातल्या बाईची स्मृती गेली आहे आणि ती परत यायची निर्मात्याची बिलकूल इच्छा दिसत नाही. आंब्याचा रस बारीक नळीसारख्या पिशव्यांत भरून बर्फात गोठवायचा आणि दुपारभर चोखायचा. आणि क्रोशे. आमच्या घरात क्रोशातून काही सुटलेलं नाही. रेडिओला टोपी आहे, गॅसच्या टाकीला झालर आहे, तांदळाच्या डब्याला परकर आहे. पंख्यालाही थंडीत घालायचा सदरा आहे. तातांग पूर्वी म्हणायचे, “मी जरा जास्त वेळ एका जागी बसलो तर ही बाई मलाही झालर लावेल.”

आता ते एका जागीच बसलेले असायचे. आणि त्यांच्या हातात क्रोशाची सुई होती.

जन्मभर समुद्रावर गेलेला माणूस. फेब्रुवारीत होडी ओढताना वाळूतच बसला, तो धड उठलाच नाही. लावागच्या इस्पितळातून घरी आणलं तेव्हा पाय सुजलेले, दोन वाक्यं बोलली की धाप. समुद्र बंद, ऊन बंद, जिना बंद. पहिले काही दिवस त्यांनी छपराकडे बघून काढले, पुढचे काही आम्हाला बोल लावण्यात. भातात खडा, पंख्यात आवाज, शेजारच्या कोंबड्याला वेळेचं भान नाही. शेवटी नानांगने वैतागून एक सुई आणि दोऱ्याचा गुंडा त्यांच्या मांडीवर टाकला. “हात आहेत ना धड? मग चालव.”

त्यांनी पहिल्यांदा जी पिशवी विणली, तिच्यात नारळ भरून गच्चीवरून टाकली असती तरी उसवली नसती. जाळी विणणारा हात तो. प्रत्येक टाका गाठ मारल्यासारखा आवळलेला. पण आठवड्याभरात हात सैल झाला, साखळ्या जमल्या, खांब जमले, आणि अननसाची नक्षी तर त्यांना माझ्याआधी कळली. मला ती शिकायला एक अख्खा पावसाळा लागला होता.

तर झगा. माझी धाकटी बहीण देल्फिना, आमची देल्फी, तिचं लग्न जूनमध्ये ठरलं होतं. आमच्या आईचा हट्ट होता की तिच्या मुली तिने विणलेल्या झग्यातच चर्चमध्ये जातील. तिची आईसुद्धा तिच्यासाठी विणत बसली होती म्हणे. माझ्यासाठीही तिने एक सुरू केला होता. मी काही लग्न केलं नाही, त्याचा टेबलक्लॉथ झाला. टेबलक्लॉथ चांगला आहे.

देल्फीच्या झग्याची चोळी आईने एकटीने विणली. बाह्या देल्फीने. कमरेपासून खालचा घेर मात्र गोल गोल वाढवत न्यायचा होता, अननसांच्या ओळीमागून ओळ, म्हणून तो हातोहात फिरायचा. एकाचे डोळे थकले की दुसऱ्याच्या मांडीवर. तातांग, आई, देल्फी, मी. कुणी किती विणलं हे विचारायची पद्धत नव्हती. दोरा पुढे जात होता एवढं पुरे.

आणि माप माझ्या अंगावर. कारण नवरीने लग्नाआधी झगा अंगाला लावायचा नसतो. लावला तर लग्न मोडतं. म्हणून दर दोन-चार दिवसांनी मला स्टुलावर उभी करायची, झगा वरून चढवायचा आणि सगळ्यांनी बघायचं.

“पोट आत घे,” आई म्हणायची.

“घेतलंय.”

“मग हे काय आहे?”

“हे उरलेलं आहे.”

तातांग तेवढ्यात हसायचे, आणि हसण्याने त्यांना धाप लागायची, आणि मग सगळे पुन्हा दोऱ्याकडे बघायचे.

या उन्हाळ्यात आमच्या घरात एक गोष्ट होती जी कुणी बोलत नव्हतं. इस्पितळातून निघताना डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बाजूला घेतलं होतं. हृदय थकलंय, म्हणाले. औषधाने आता फार काही व्हायचं नाही. घरी न्या, गर्मीपासून जपा. “म्हणजे किती?” मी विचारलं. डॉक्टरांनी खिडकीबाहेर बघितलं. “हा उन्हाळा अवघड आहे,” ते म्हणाले. मी घरी येऊन आईला शब्द न् शब्द सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “पंखा दोनवर ठेवायचा की तीनवर, ते सांगितलं का?”

त्यानंतर तो विषय आमच्या घरात निघाला नाही. सगळ्यांना माहीत होतं. तातांगनाही, त्यांच्या पायांकडे बघून त्यांना कळत नसेल का?

आता यातली अडचण अशी. आमच्याकडे घरात मयत झालं की वर्ष उतरेपर्यंत त्या घरात लग्न होत नाही. काळे कपडे उतरल्याशिवाय पांढरे चढत नाहीत. देल्फी पस्तिशीला टेकलेली. तिचा एफ्रेन बोटीवर इंजिनात काम करतो. दरवेळी करार संपवून यायचा, आणि दरवेळी काहीतरी निघायचं: त्याच्या आईचं आजारपण, वादळात गेलेलं छप्पर. यंदा तो मार्चपासून घरी होता आणि जूनअखेर पुन्हा जाणार होता, लांबच्या बोटीवर. म्हणजे जूनपर्यंत तातांग राहिले तर लग्न. नाही राहिले तर वर्षभर सुतक, आणि मग एफ्रेन कुठल्या समुद्रावर असेल ते आपल्याला काय ठाऊक.

तुम्ही म्हणाल, लग्न अलीकडे घ्या. सोपं आहे. एफ्रेन पलीकडच्याच गावात होता, चर्च मेमध्ये रिकामंच असतं. पण अलीकडे का घ्यायचं, याचं उत्तर कुणाला तरी तोंडाने द्यावं लागलं असतं, आणि तेही तातांग समोर बसून अननस विणत असताना.

एफ्रेनने एकदा प्रयत्न केला. तो दर दुपारी तुसात गुंडाळलेली बर्फाची लादी घेऊन यायचा, ती पंख्यासमोर परातीत ठेवायचा आणि उंबऱ्यावर बसायचा. मोठा लाजाळू गडी. तातांगना समुद्राच्या गोष्टी विचारायचा. त्यांना बोलवत नसलं तर स्वतःच सांगायचा. त्या दिवशी बर्फाकडे बघत म्हणाला, “चर्च या महिन्यात बरंच मोकळं असतं म्हणे.”

रेडिओवरची बाई कुणाला तरी विचारत होती, आपण कोण?

“असेल,” आई म्हणाली. “पण झगा कुठे झालाय?”

एफ्रेनने मान हलवली, जणू तो झग्याचीच चौकशी करायला आला होता.

मग इकित पुरिंग. तातांगची थोरली बहीण. आमच्याकडे आत्याला इकित म्हणतात, आणि पुरिंगआत्याला गावात बाकीही बरंच म्हणतात. ती छत्री मिटत आत आली, बसायच्या आधी दोन आंब्याच्या नळ्या तोंडात घातल्या आणि म्हणाली, “मी आज सहज पादीला भेटले.”

“काय झालं पादीला?” आईने विचारलं. पादी म्हणजे आमच्या चर्चचा पाद्री.

“त्याला काय होतंय, आंबे खाऊन लाल झालाय. मी आपलं सहज विचारलं. की समजा, कुणाला लग्न जरा लवकर करायचं असेल. गर्मी आहे म्हणून. म्हणजे पुढे पाऊस, चिखल, झग्याचा घेर खराब व्हायचा. तो म्हणाला, कुठल्याही शनिवारी या. मी आपलं सहज विचारलं हो.”

“तुला दुसरं लग्न करायचंय का, इकित?” मी म्हटलं.

“तुझं पहिलं झालं की करते.”

तातांग पुन्हा हसले. आत्या त्यांच्याकडे न बघता माझ्याकडे बघून हसत होती. तिच्या हातातली आंब्याची नळी वितळून मनगटावर ओघळत होती, तिला कळलं नाही.

“झगा कुठे झालाय?” आई म्हणाली.

खरंच झाला नव्हता. हेच तर मला समजत नव्हतं. चार जणांचे हात, दिवसभर पंख्यासमोर बसून, करायला दुसरं काही नाही. आणि स्टुलावर उभी राहिले की घेर माझ्या गुडघ्यापाशी. पुन्हा दोन दिवसांनी चढवला, गुडघ्यापाशी.

मागच्या स्वयंपाकघरात आंब्याच्या रसाच्या पिशव्या बांधताना देल्फीने विचारलं, “मानांग, किती झालाय?” मी थोरली, म्हणून मानांग.

“गुडघ्यापर्यंत.”

“परवाही गुडघ्यापर्यंतच होता.”

“मग माझे गुडघे खाली सरकले असतील. वय झालं.”

ती हसली, आणि हसता हसता तिने मनगटाने डोळे पुसले. “दुकानातला आणू का? साधासा. नानांगला वाईट वाटेल, पण...”

“सांग तिला.”

“तू सांग.”

“नवरी तू आहेस.”

“थोरली तू आहेस.”

आम्ही दोघींनी उरलेल्या सगळ्या पिशव्या बांधल्या आणि कुणीच सांगायला गेलं नाही. दुकानातला झगा का, याचंही उत्तर तेच होतं ना.

“मला तातांगच्या हाताला धरून जायचंय,” देल्फी म्हणाली. “एवढंच. बाकी अंगावर पोतं घातलं तरी चालेल.”

नाताळात जेवणाच्या टेबलावर तातांगनी उसाच्या दारूचा पेला उचलून सगळ्यांसमोर सांगितलं होतं, “हिला हाताला धरून पादीसमोर उभी केल्याशिवाय मी हलणार नाही.” तेव्हा ते धडधाकट होते. आत्या म्हणाली होती, “बसलायस खुर्चीत, हलणार कुठे.” आम्ही सगळे हसलो होतो. आई जरा जास्तच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली होती, हे मला आत्ता आठवतं.

पुढच्या मापाला घेर गुडघ्याच्याही बोटभर वर भरला, तेव्हा आत्याच्या तोंडून गेलंच. “उन्हाने कापूस आटतो की काय तुमच्याकडचा?”

आईने झगा उलटा-सुलटा केला.

“माझ्यामुळे,” तातांग म्हणाले. “माझे टाके घट्ट पडतात. वर ओढला जातोय.”

“पण तुमचे टाके हल्ली चांगले सैल...” मी म्हणायला गेले.

“घट्ट पडतात,” ते म्हणाले. “जाळ्याची सवय.”

मी त्यांच्याकडे बघितलं. ते सुईच्या टोकाकडे बघत होते. मला वाटलं, आता या माणसाला झग्याबद्दलसुद्धा अपराधी वाटायला लागलं.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी, दुपारी. जेवणं झाली की आमच्याकडे सगळे आडवे होतात; त्या वेळी गावात फक्त माश्या जाग्या असतात. देल्फी चटईवर, मी तिच्या बाजूला. तातांगना आडवं झालं की श्वास कोंडायचा म्हणून ते बांबूच्या खाटेवर उशांना टेकून बसल्या बसल्याच झोपायचे. आई खिडकीपाशी पहुडायची. मला डोळा लागत नव्हता, पण उघडायचाही कंटाळा आला होता.

आणि मी तो आवाज ऐकला. क्रोशे उसवताना टाका सुटतो तेव्हा बारीक टुक् असा आवाज होतो; ज्याने कधी चूक केली आहे त्याला तो ओळखता येतो, म्हणजे आम्हा सगळ्यांनाच. टुक्, टुक्, टुक्. थांबून थांबून नाही, न चुकता, एका लयीत. चूक सुधारणारं माणूस मधे थांबतं, मोजतं, शिव्या घालतं. हे तसं नव्हतं.

मी पापणी किलकिली केली. आई खिडकीच्या फटीतून येणाऱ्या उजेडात बसली होती. झगा मांडीवर. एका हाताने दोरा ओढत होती, दुसऱ्याने गुंड्यावर गुंडाळत होती. सकाळपासून देल्फीने विणलेली ओळ गेली. माझी अर्धी गेली. तांदूळ निवडताना असतो तसाच चेहरा, शांत, कामात.

मी उठून बसणार होते. तिचा हात धरणार होते. काय करतेस हे, म्हणणार होते. पण विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, आणि सांगितलं असतं तर ते ऐकावं लागलं असतं. आणि खरं तर मला विचारावं लागलंच नाही. झगा झाला की लग्न. लग्न झालं की तातांगचा शब्द पुरा. आणि शब्द पुरा झाला की त्या माणसाला थांबायचं कारण काय? आईचं सरळ गणित होतं. अननस अपुरे आहेत तोवर म्हातारा आहे.

एका हातात तिची मुलगी आणि दुसऱ्या हातात नवरा, आणि ती मुलीच्या बाजूचा दोरा ओढून नवऱ्याच्या बाजूला गुंडाळत होती. मला तिचा राग आला. फार राग आला. आणि त्याच वेळी असं वाटलं की उठावं आणि तिच्याबरोबर बसून उसवू लागावं.

मी मान जराशी फिरवली. तातांग जागे होते. उशांना टेकून, डोळे उघडे, आईकडे बघत होते. किती दिवस बघत होते देव जाणे. त्यांची नजर माझ्या नजरेला भिडली. त्यांनी डोळे मिटून घेतले. झोपेचं सोंग त्यांना कधीच जमलं नाही. पापण्या थरथरत राहिल्या.

चारच्या सुमारास सगळे उठले. आईने बर्फाचं पाणी केलं. तातांग म्हणाले, “आणा इकडे, माझी पाळी.” आणि ते विणू लागले. इतक्या वेगाने मी त्यांना कधी जाळं विणतानाही बघितलं नव्हतं. ओठ निळसर, कपाळावर घाम, सुई मात्र थांबत नव्हती. त्या उसवलेल्या सगळ्या ओळी त्यांनी संध्याकाळपर्यंत परत भरून काढल्या. आई समोर बसून बघत होती.

“लाकाय, हळू,” ती म्हणाली. आमच्याकडे संसार जुना झाला की नवऱ्याला लाकाय म्हणतात आणि बायकोला बाकेत. म्हातारा आणि म्हातारी. “एवढी काय घाई आहे?”

“घाई कसली. हात चालवतोय.”

असं चाललं. दुपारी ती उसवायची, संध्याकाळी ते विणायचे, आणि मी मधे बसून दोघांना बर्फ द्यायची. देल्फीला सांगितलं नाही. कसं सांगणार, की तुझ्या आईला तुझं लग्न व्हायला नकोय, आणि का नकोय? मीही जास्त विणायला लागले, एवढंच. माझ्या हातून तेवढंच होण्यासारखं होतं, आणि त्याचाही काही उपयोग नव्हता. मी जेवढं विणायची तेवढं ती उसवायची.

मे अर्धा सरला. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटायला लागलं. तातांगचे पाय आता चपलेत जात नव्हते. बोलताना एका वाक्याचे तीन तुकडे व्हायचे. पंख्यासमोर परातीत बर्फ ठेवला की तो आमच्या डोळ्यांदेखत पाणी होत जायचा, आणि आम्ही तेही बघत बसायचो. त्यांची सुई मंदावली. आणि उसवण्याचा वेग मात्र तेवढाच राहिल्यामुळे झगा पहिल्यांदाच खरोखर वर चढायला लागला.

त्या दिवशी माप घ्यायचं होतं. मी स्टुलावर उभी राहिले आणि वीज गेली. पंखा फिरत फिरत थांबला. एकदम सगळं ऐकू यायला लागलं: माश्या, परातीतलं ठिबकणारं पाणी, तातांगचा श्वास. देल्फी त्यांच्या खाटेशी बसून ताडपत्राच्या पंख्याने वारा घालत होती. एफ्रेन उंबऱ्यावर पाठ करून बसला होता, झगा दिसू नये म्हणून. इकित पुरिंग तोंडात टाचण्या धरून माझ्या पायाशी.

“हा तर गुडघ्याच्या पार वर आलाय,” ती टाचण्यांमधून म्हणाली.

“चुकलंय मधे,” आई म्हणाली. “दोन ओळी उसवाव्या लागतील.”

“अजून?” देल्फीचा हात थांबला. “नानांग, अजून उसवायचं?”

“चुकलंय ते चुकलंय. चर्चमध्ये लोक काय म्हणतील?”

“बाकेत,” तातांग म्हणाले.

त्यांनी हात वर केला होता. त्या हातात सुई नव्हती.

“आता... उसवू नकोस.”

“चुकलंय म्हणून...”

“एकही टाका चुकलेला नाही.” ते थांबले, श्वास गोळा केला. “मी कितीदा... भरून काढले ते. मला माहीत आहे कुठला टाका कुठे आहे.”

इकित पुरिंगने तोंडातल्या टाचण्या काढून हातात घेतल्या. देल्फीने आईकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि माझ्या चेहऱ्यावर तिला जे दिसलं ते बघून ती पुन्हा आईकडे वळली. मी स्टुलावर, अंगात बहिणीचा अपुरा झगा, उतरताही येईना.

“कोण उसवतंय?” आई म्हणाली. पण तिचा आवाज तिच्या बाजूने उभा राहिला नाही.

“रोज दुपारी. आवाज येतो.”

“तू झोपलेला असतोस.”

“मला आता झोप... येते कुठे?”

उंबऱ्यावर एफ्रेनची पाठ ताठ झाली होती. तो वळला नाही. शहाणा मुलगा.

“आहे तेवढा बरा आहे,” तातांग म्हणाले. “आखूड तर आखूड. पोरीचे पाय चांगले आहेत. थोरलीसारखे नाहीत.”

मी हसले. मला हसावंच लागलं. दुसरं कुणी हसलं नाही.

“पुरिंग, तू पादीला काय विचारलं होतंस?”

“सहज विचारलं होतं रे मी,” आत्या म्हणाली आणि तिने पदर नसताना पदर शोधल्यासारखा हात गळ्यापाशी नेला.

“कुठल्याही शनिवारी. असंच ना?”

“नाही,” आई म्हणाली. ती माझ्याजवळ आली आणि तिने झग्याची खालची कड दोन्ही मुठींत घट्ट धरली. माझ्या मांडीला तिच्या मुठी लागत होत्या. “नाही. जून ठरलाय. जूनच. झगा व्हायचाय अजून.”

“बाकेत.”

“झगा कुठे झालाय, लाकाय? कुठे झालाय? हा झाला की तिचं लग्न होईल, आणि तिचं लग्न झालं की तू मरशील.”

ताडपत्राचा पंखा देल्फीच्या हातातून खाली पडला होता. तातांगनी तो हळूच उचलायचा प्रयत्न केला, वाकवेना, तेव्हा सोडून दिला.

“नाही झाला तरी मरणारच आहे मी, बाकेत,” ते म्हणाले.